चारशे बारा जन्मांची सीडी

दिपालीचं लग्न झालं, पंगतीत जिलबी कमी पडली आणि नवरदेवाच्या मामाचा उजव्या पायाचा बूट शेवटपर्यंत सापडला नाही, ते हे साल. कॅलेंडरवाले त्याला २०१३ म्हणतात. फेब्रुवारी महिना होता. दिपाली सासरी पुण्याला गेली आणि जाताना आपला कॉम्प्युटर केडगावच्या घरात वडिलांसाठी ठेवून गेली. लेक गेली म्हणून आबासाहेब दोन दिवस रडले. कॉम्प्युटर राहिला म्हणून पुढे तीन महिने.

आबासाहेब म्हणजे साखर कारखान्यातले काटेवाले आबासाहेब. छत्तीस वर्षं त्यांनी उसाच्या गाड्यांची वजनं घेतली. एका किलोची चूक झाली नाही, असं ते स्वतः सांगत, आणि दुसरं कोणी सांगायला उरलं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही भाजीवालीच्या तराजूकडे ते असे बघत की ती बिचारी न मागता दोन भेंड्या जास्त टाकी. अशा माणसाला यंत्राची भीती वाटत नाही. वाटायला हवी होती.

झालं असं की लग्नाच्या पंगतीत गावचे सरपंच रविराज आबासाहेबांच्या आईच्या, म्हणजे झुंबरबाईंच्या पाया पडले. गाव बेलापूरच्या पलीकडे, प्रवरेच्या काठाला. झुंबरबाई त्या गावची सुईण, आता लेकाकडे केडगावला. पन्नास वर्षांत त्यांनी चारशे बारा पोरं या जगात ओढून आणली होती. सरपंच रविराज त्यातलेच एक, आणि पाया पडताना अजूनही जरा बिचकत, कारण झुंबरबाई चारचौघांत म्हणत, "ह्ये सरपंच! उलटं धरून चार चापट्या मारल्या तवा कुठं रडलं."

आता झुंबरबाईंचं महत्त्व कळायला एक जून कळला पाहिजे. त्या काळी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारत, जन्म कधीचा? बाप म्हणे, पेरणीच्या आसपास. गुरुजी रजिस्टरात एक जून टाकत. आबासाहेबांचा वाढदिवस एक जून, त्यांच्या मित्रांचा एक जून, मित्रांच्या भावांचाही एक जून. एका घरात सख्खी चार भावंडं चार वेगवेगळ्या सालच्या एक जूनला जन्मली होती. म्हणजे त्या माउलीनं संसार किती शिस्तीत केला असेल, याचा आबासाहेबांना नेहमी अचंबा वाटे. अख्खं गाव एका दिवशी जन्मलं होतं, आणि खरं काय ते एकट्या झुंबरबाईंना ठाऊक होतं.

त्यांना तारखा येत नव्हत्या. सही करायला त्या साठाव्या वर्षी शिकल्या. पण कोणाचंही नाव घ्या, त्या डोळे मिटून सांगत. "सोपान व्हय? तांबडा बैल हिरीत पडला, त्याच्या तिसऱ्या दिवशी. कोंबडा आरवून माझ्या चार भाकरी झाल्या हुत्या." लग्नाआधीच्या हिवाळ्यात दिपालीनं आजीपुढे मोबाईल धरून हे सगळं बोलून घेतलं. चारशे बारा जन्म, चारशे बारा छोट्या फायली, प्रत्येकीला नुसता नंबर. आबासाहेबांनी जुनी पंचांगं काढून बैल, विहिरी आणि दुष्काळ यांच्या तारखा काढल्या आणि नावांचा तक्ता केला. हे सगळं कॉम्प्युटरात होतं.

सरपंच जिलबी संपवून म्हणाले, "काका, ह्याची एक सीडी ग्रामपंचायतीला द्या. एक मेच्या ग्रामसभेत सगळ्यांना ऐकवू. आजींचा सत्कारही करू."

तिथेच ग्रामसेवक बसले होते. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते म्हणाले, "एक नको, तीन प्रतीत द्या." सरकारी माणसाला मोदक दिला तरी तो तीन प्रतीत मागतो.

आणि आबासाहेब, भरल्या मांडवात, व्याह्यांच्या देखत म्हणाले, "तीन कशाला? तेरा देतो. वस्तीला एक!"

झुंबरबाईंनी मान वर करून विचारलं, "समद्यांना ऐकू यील का रं आबा?"

"सगळ्यांना, आई."

"मी हाये तवरच कर. पोरांची तोंडं बघायचीत मला, ऐकताना."

एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून रोज सकाळी चहा पिताना विचारू लागल्या, "झाली का रं ताटली?"

*

पहिल्या तीन ताटल्या आठवड्यात झाल्या. आबासाहेबांनी पडद्यावरची चारशे बारा चिन्हं एका खोक्यातून ओढून दुसऱ्यात टाकली, बटण दाबलं, आणि सीडी अर्ध्या मिनिटात तयार होऊन बाहेर आली. एवढ्या लवकर कशी झाली, अशी शंका काट्यावरच्या माणसाला यायला हवी होती. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांना सारखा वेळ लागत नाही. पण कौतुकानं माणूस आंधळा होतो. त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर सीडी लावून पाहिली. चालली. आईचा आवाज आला. ते एसटीनं गावी गेले.

भाऊसाहेबांनी सीडी घातली. चिन्हं ओळीनं उभी राहिली. आबासाहेबांनी खिशाला लावलेलं पेन सरळ केलं. भाऊसाहेबांनी पहिल्या चिन्हावर टिचकी मारली. काही नाही. दुसऱ्यावर मारली. काही नाही. ग्रामपंचायतीचा क्लार्क कल्याण खुर्ची ओढून आला, वाकून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "काका, ह्याच्यात फायली न्हाईत. फायली कुठं हायेत त्याच्या पाट्या हायेत."

"म्हणजे?"

"म्हंजी बेलापूरला जायचं म्हणून तुमी रस्त्यावरची बेलापूरची पाटी उपटून आणली."

"माझ्या घरी चालते!" आबासाहेब कडाडले.

"घरी चालनारच की. बेलापूर तिथंच हाय."

दारात रेशनच्या चौकशीला आलेली चार माणसं उभी होती. ती हसली. आबासाहेबांनी तीनही सीड्या परत घेतल्या, रुमालात बांधल्या आणि परतीच्या एसटीत वाहकाशी सुट्ट्या पैशांवरून विनाकारण भांडले.

*

केडगावला शेजारी कानिफनाथ राहतात. नगरच्या लष्करी डेपोत ते वीजतंत्री होते, आणि रणगाड्यापासून मिक्सरपर्यंत काहीही बिघडलं तर त्यांच्याकडे एकच निदान असतं, ते फक्त आत्मविश्वासानं सांगतात. त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला, डॉक्टर कपाळावर ठेवतो तसा.

"व्हायरस आहे आबासाहेब. फॉरमॅट मारावा लागेल."

"त्यानं काय होतं?"

"सगळं पुसून नवीन. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी मारायचे."

चौकात हर्षलचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. चाळिशीचा शांत माणूस. दिवसभर लोकांच्या चुका दुरुस्त करून त्याला संताचा चेहरा आला आहे. त्यानं आधी सगळ्या खऱ्या फायली एका सीडीवर उतरवल्या, उघडून दाखवल्या, आईचा आवाज ऐकवला आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट करायच्या आधी एक कॉपी माझ्या मशीनवर राहू द्या. जागा लागत नाही."

आता इथे 'बरं' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आबासाहेब म्हणाले, "घरची माहिती बाजारात ठेवायची पद्धत नाही आमच्यात." हर्षलनं हात जोडले आणि फॉरमॅट मारला. झुंबरबाईंचे चारशे बारा जन्म आता साऱ्या पृथ्वीवर एकाच ताटलीत उरले. दिपालीच्या मोबाईलमधले तर लग्नाच्या फोटोंना जागा हवी म्हणून तिनं केव्हाच काढून टाकले होते.

आबासाहेब त्या सीडीवर पेनानं 'मूळ' असं लिहायला गेले, तर कानिफनाथांनी हात धरला. "लिहू नका! वरचा थर दबला की आतलं पुसतं. आमच्याकडे एकाला कोर्ट मार्शल होता होता राहिलं."

म्हणून नाही लिहिलं.

मार्च महिन्यात झुंबरबाईंना ताप आला. आठ दिवस. तापातून उठल्या, भाकरी खायला लागल्या, सुनेला नावं ठेवायला लागल्या, म्हणजे बऱ्या झाल्या असं सगळे समजले. पण एका सकाळी आबासाहेबांनी सहज विचारलं, "आई, तो तांबडा बैल पडला तेव्हा कोण झालं होतं?" झुंबरबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग म्हणाल्या, "बैल पडला व्हय? कवा?"

आबासाहेब उठून आत गेले, कपाट उघडलं आणि सीडी जागेवर आहे का ते पाहिलं. त्या दिवसापासून ते काम हौशेचं राहिलं नाही.

*

एका सीडीची दुसरी सीडी करणं हे वाटतं तितकं सोपं नाही. यंत्राला तोंड एकच. सॉफ्टवेअर आधी म्हणतं, मूळ सीडी घाला. ती चघळून झाली की म्हणतं, आता कोरी घाला. हे सगळं इंग्रजीत. आबासाहेब दिपालीची शाळेतली डिक्शनरी मांडीवर घेऊन बसत. त्यांना 'सोर्स'चा अर्थ मिळेपर्यंत यंत्र कंटाळून ताट आत ओढून घेई. एकदा त्यांनी कोरीवरून कोरीची प्रत काढायला सांगितलं. यंत्रानं नकार दिला. आबासाहेब म्हणाले, "उद्धट आहे."

पहिली सीडी नव्वद टक्क्यांवर असताना लोडशेडिंग झालं. दुसरीच्या वेळी लंकाबाईंनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला. लंकाबाई म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी. त्यांना घरात दोन यंत्रं एका वेळी चालतात हे इतकी वर्षं कोणी चूक म्हटलं नव्हतं. तिसरी पूर्ण झाली, पण उघडेना. चौथीला पडद्यावर आलं, 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'.

कानिफनाथांचे डोळे चमकले. "पॉवर म्हटलंय! म्हणजे वीज कमी. माझं आधीपासून हेच म्हणणं."

आधी स्टॅबिलायझर आला. तोच एरर. मग आबासाहेबांनी वीज कार्यालयात रीतसर अर्ज लिहिला. विषय : सीडी तयार होण्याइतपत वीजदाब मिळणेबाबत. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला, साहेबांना दाखवला, आणि विचारलं, "सीडी बनवणं हा घरगुती वापर की व्यापारी?"

"सामाजिक," आबासाहेब म्हणाले.

सामाजिक हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. बाईंनी सांगितलं, घरगुती लिहा, तीन प्रती द्या आणि वायरमन येईपर्यंत घरी थांबा. आबासाहेब चार दिवस घरात थांबले. पाचव्या दिवशी ते दाढी करायला गेले तेव्हा वायरमन आला. त्यानं खांबापासून तपासत आणलं आणि वीजदाब का पडतो ते शोधून काढलं. कानिफनाथांनी नळाच्या पाइपला गुपचूप मोटर बसवली होती, पाणी आलं की ती सगळ्या गल्लीची वीज ओढायची. वायरमन मोटर काढून घेऊन गेला.

कानिफनाथ तीन दिवस आबासाहेबांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी नवी युक्ती सुचली म्हणून बोलावं लागलं.

युक्ती खरं तर दिपालीची होती. तिनं फोनवर सांगितलं, "पप्पा, स्पीड कमी ठेवा. आणि त्या स्वस्तातल्या सीड्या टाका, चांगल्या आणा." आबासाहेबांनी हे कानिफनाथांना सांगितलं. कानिफनाथ म्हणाले, "मी वेगळं काय म्हणत होतो? घाट उतरताना गिअर खालचाच लागतो." पण स्वस्तातल्या पन्नास सीड्यांचा डबा आबासाहेबांनी आधीच आणलेला. कोऱ्या असताना फेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आधी त्या वाया घालवू, मग चांगल्या आणू, असं त्यांनी ठरवलं. असं ते म्हणाले नाहीत, पण झालं तसंच. एप्रिल उजाडेपर्यंत चाळीस वाया गेल्या होत्या.

*

गुढीपाडव्याला लंकाबाईंनी पूजा मांडली. त्यांच्या माहेरी पाडव्याला घरातलं प्रत्येक अवजार पूजतात. विळा, सुई, शिलाई मशीन. यंदा त्यांनी कॉम्प्युटरलाही हार घातला. मग कपाटातून मूळ सीडी काढली. एवढं मोठं पुण्याचं काम अडलं होतं ते काय उगाच? तिला हळदकुंकूच लागलं नव्हतं! ज्या बाजूला आपलं तोंड दिसतं ती देवाची बाजू, अशा साध्या हिशेबानं त्यांनी चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर हळद लावली, अक्षता चिकटवल्या आणि उदबत्ती ओवाळली.

आबासाहेबांनी ते पाहिलं आणि सीडी उचलून उजेडात धरली.

"अहो, चांगलं केलंय," लंकाबाई म्हणाल्या. "आता ओळखूही येईल. लिहू देत नव्हते ना कानिफभाऊ?"

मग गल्ली जमली. पलीकडच्या छबूबाईंनी सांगितलं, राखेनं घासा, पितळ कसं लखलखतं. कानिफनाथ म्हणाले, टूथपेस्ट, आणि मधून कडेला, गोल नाही. कोणीतरी लिंबू आणलं. ते कोणी आणलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. आबासाहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, साध्या पाण्यानं, मलमलीच्या कापडानं, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी ती सीडी धुतली. झुंबरबाई पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "टाळूला जपून लाव पाणी."

स्वस्तिक गेलं. सीडी नव्यासारखी झाली. आबासाहेबांनी ती खिडकीत वाळत ठेवली. खिडकीतच त्या चाळीस वाया गेलेल्या सीड्यांची चळत होती. आणि त्याच दुपारी लंकाबाईंचा भाऊ मच्छिंद्र पाडव्याच्या जेवणाला आला.

मच्छिंद्रची राहुरीच्या पुढे डाळिंबाची बाग आहे. फळं लागली की पाखरं येतात, आणि पाखरांना चमकती सीडी टांगली की ती बिचकतात. जेवून हात पुसत तो म्हणाला, "ताई, ह्या वाया गेलेल्या मी न्यू का?" लंकाबाई म्हणाल्या, "ने बाबा, घरातून जाऊ दे ती पीडा." आबासाहेब पुरणपोळीनंतर झोपले होते.

*

चांगल्या सीड्या घ्यायला आबासाहेब एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला गेले. तेरा आणल्या, एका ओळीत मांडल्या, वेग सगळ्यांत कमी ठेवला, मिक्सरची वायर काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "आण गं मूळ."

"मूळ तुमच्याकडेच आहे ना?"

"खिडकीत ठेवली होती."

लंकाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पदर तोंडाला लावून एकच शब्द बोलल्या, "मच्छिंद्र."

आबासाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर लंकाबाईंना बरं वाटलं असतं. ते चपला घालून बाहेर पडले, आणि फाटकाशी झुंबरबाईंचा आवाज आला, "झाली का रं ताटली?"

"होतेय, आई."

कानिफनाथ न बोलावता बरोबर निघाले. राहुरीपर्यंत एसटी, पुढे मच्छिंद्रची मोटरसायकल. दुपारचं ऊन. बाग लांबूनच लखलखत होती. फांदीफांदीला सुतळीनं टांगलेल्या सीड्या गरगर फिरत होत्या, आणि त्यातली एक कोणती तरी फिरता फिरता चारशे बारा माणसं पोटात घेऊन फिरत होती.

"दाजी, लई गुनाच्या हायेत तुमच्या सीड्या," मच्छिंद्र म्हणाला. "पाखरू फिरकत न्हाई. फकस्त त्या कोपऱ्यातल्या झाडाव साळुंक्या यिऊन बसत्यात. तिथली त्यांना काय सांगती कुनास ठाऊक!"

कानिफनाथ गंभीरपणे म्हणाले, "तीच मूळ असणार."

ती नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या वेळी आबासाहेबांनी काट्यावरच्या शिडीला चढावं तसे चढून ती आधी सोडवली, आणि मग बाकीच्या चाळीस. काट्यांनी हात ओरबाडले. मच्छिंद्र खालून पोतं धरून म्हणाला, "दाजी, पाखरांनी फळं खाल्ली तर?"

"खाऊ देत. मी भरून देईन."

"तसं न्हवं. ताईला काय बोलला न्हाई ना?"

 आबासाहेब पोतं बांधून झाल्यावर म्हणाले, "तिला फोन लाव. म्हणावं सापडल्यात सगळ्या. आणि मिक्सरची वायर माझ्या खिशात आहे."

*

हर्षलनं एकेक सीडी पुसून घालायला सुरुवात केली. पहिली, साळुंक्यांची, रिकामी. दुसरी अर्धवट. पाचवीत नुसत्या पाट्या. त्या बेलापूरच्या पाट्या बघून आबासाहेबांनी मान फिरवली. विसावी झाली, पंचविसावी झाली. चहा आला, गार झाला. एकतिसावी घातल्यावर यंत्र कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. आणि दुकानात झुंबरबाई बोलल्या.

"झालं का गं चालू तुझं? बोलू? ...सोपान व्हय? तांबडा बैल हिरीत पडला, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

आबासाहेब तिथल्या खोक्यावर बसले. हर्षलनं पंखा त्यांच्याकडे फिरवला. त्याला संत म्हटलं ते उगाच नाही.

वारा, ऊन आणि कुंकू यांनी सीडी ओरखडली होती. हर्षलनं सबंध दिवस लावून, एकेक फाईल दहा-दहादा वाचायला लावून, चारशे अकरा बाहेर काढल्या. दोनशे सातवी आली नाही. नावांचा तक्ताही उघडला नाही. म्हणजे दोनशे सातवं कोण, हे कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं तेरा प्रती काढल्या. त्याला एक तास लागला. आबासाहेबांनी तो तास भिंतीवरचं विमा कंपनीचं कॅलेंडर वाचण्यात घालवला.

"एक कॉपी ठेवू का मशीनवर?" हर्षलनं विचारलं.

"ठेव की," आबासाहेब म्हणाले. "बाजारात माणसांची ये-जा असते. बरं असतं."

*

एक मेला ग्रामसभेला कधी नव्हे ते माणसं आली. नाही तर कोरम भरायला कल्याणला सायकलवरून फिरावं लागे. स्पीकर लावला होता. झुंबरबाई खुर्चीत, अंगावर नवं इरकली लुगडं, पाय जमिनीला न टेकणारे. सीडी सुरू झाली. प्रत्येक जन्माला दहा-वीस सेकंद. ज्याचं नाव येई तो उभा राही, लोक हसत. पांढऱ्या मिशांचे माजी चेअरमन उभे राहिले तेव्हा आवाज आला, "ह्यो आला आन् आधी माझ्या लुगड्यावर मुतला." सभा पाच मिनिटं थांबवावी लागली. झुंबरबाई तोंडं बघत होत्या. काही ओळखत होत्या, काही नाही, पण बघत सगळ्यांकडे होत्या.

संपलं तेव्हा सरपंच नारळ घेऊन उठले. इतक्यात मागून बायडाबाई उठल्या. ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत पुढे आल्या. मागे त्यांचा मुलगा हनुमंत, पन्नाशीचा, दारात मावणार नाही असा.

"माझ्या हनुमंताचं राहिलं की गं झुंबरे."

 आबासाहेबांना आकडा आठवला. दोनशे सात. सीडीवर नाही, तक्त्यात नाही, आणि आई तर बैलसुद्धा विसरलेली. ते उठून म्हणाले, "बायडाकाकू, ते यंत्रात जरा..."

"तू बस रं," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी बायडाबाईंकडे पाहिलं. मग हनुमंताकडे. ओळख लागेना.  मग त्यांनी हनुमंताला खाली बसायची खूण केली. तो एवढा मोठा माणूस जमिनीवर बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मानेवर नेला. आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मनगटावर आतल्या बाजूला अर्धचंद्रासारखे पाच-सहा पांढरे ठिपके होते.

"पायाळू," त्या म्हणाल्या. "पाय आधी आले. आन् ह्ये बायडे, तुझं दात. लई जोरात चावली हुतीस. शिमग्याचा दिस हुता, भाईर ढोल वाजत हुता, म्हणून तुझं वराडनं कुनाला ऐकू आलं न्हाई. नवऱ्याला शिव्या दिल्या त्यापण सांगू?"

"नको गं!" बायडाबाई म्हणाल्या, आणि दोघी म्हाताऱ्या अशा हसल्या की स्पीकर शिट्टी मारू लागला. हनुमंत पायाळू आहे हे गावाला माहीत होतंच, पाठीत उसण भरली की सगळे त्याच्याकडूनच लाथ खात. पण शिमगा कोणाला माहीत नव्हता. तो तसाच खाली बसून आईच्या दातांच्या खुणा बघत राहिला.

कानिफनाथ आबासाहेबांच्या कानाशी म्हणाले, "बघा, लिहिलं की पुसतं म्हणतात ते सगळंच खरं नसतं."

"हे तुम्हीच म्हणत होता," आबासाहेब म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये आबासाहेबांना एक गोष्ट छळत होती. शेवटी त्यांनी विचारलंच. "आई, चारशे बारांत माझं कुठंच नाही. मी कधीचा?"

"मला काय इचारतो? तू झालास तवा मी सुईन न्हवते, बाळंतीन हुते. मला येळ बघायला सवड हुती व्हय?"

"तरी पण, काही आठवत असेल ना?"

"मुलगा हाय म्हनली सुईन. मी म्हनलं बरं. मंग झोपले." त्या थोडा वेळ बाहेरचा ऊस बघत राहिल्या. "तुझा एक जूनच ऱ्हाऊ दे. गुर्जींनी कायतरी बघूनच टाकला आसंल." आणि जरा वेळानं, "माझं मातर नीट लिही हां आबा, मी गेल्याव. बैल न् हीर लावत बसू नको. कचेरीत तारीख लागती."

दहा सीड्या वस्त्यांवर गेल्या आणि तीन प्रती ग्रामपंचायतीत रीतसर दाखल झाल्या. कल्याणनं आवक नंबर टाकला, आणि फाईलला जोडायच्या म्हणून पंचिंग मशीननं प्रत्येकीला दोन भोकं पाडून टॅग ओवला. भाऊसाहेब म्हणाले, आता रेकॉर्ड पक्कं झालं. हे कळलं तेव्हा आबासाहेब हसले, आणि हर्षलच्या दुकानावरून जाताना त्याला उगाच विचारून आले, "आहे ना?" तो म्हणाला, "आहे, काका."

झुंबरबाई केडगावच्या घरी वारल्या. शनिवार, ९ ऑगस्ट २०१४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ आबासाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. दुसऱ्या दिवशी राखी होती, पण ते त्यांनी लिहिलं नाही.